सखल, सपाट आणि मोकळे : वर्धा जिल्ह्याच्या जमिनीचे शब्द



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. आपल्या वर्धा जिल्ह्यात मोठे गड-किल्ले फारसे नाहीत. मग येथे इतिहास तो कसला, असा प्रश्न एखादा विद्यार्थी सहज विचारील. त्याला उत्तर असे की, ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिला आपले वाडवडील ज्या नावांनी ओळखीत आले, ती नावे हाही इतिहासच आहे. राजे आले आणि गेले, त्यांची दफ्तरे वाळवीने खाल्ली. पण लवण, बरड, माळ, मैदान, मौजा हे शब्द लोकांच्या तोंडी टिकून राहिले. हे शब्द कोठून आले आणि त्यांनी काय काय पाहिले, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे. शिवाय हे समजणे आज केवळ हौसेची गोष्ट राहिलेली नाही. सरकारी कागदावरच्या एका शब्दावर एखाद्या कुटुंबाचे घर अवलंबून असू शकते, हे आपण पुढे पाहणार आहोत.

भूमीची ठेवण

आपला जिल्हा सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरचा. उत्तरेकडे आष्टी, कारंजा आणि आर्वी या भागांत सातपुड्याच्या डोंगरांचे फाटे उतरतात. दक्षिणेकडे देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या बाजूला मुलूख मोकळा होत जातो. वर्धा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते, अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांशी आपली सरहद्द आखीत दक्षिणेकडे वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. धाम, बोर, वेणा या नद्या जिल्ह्यातील पाणी तिच्याकडे नेतात. तळाशी लाव्हारसाचा काळा पत्थर आणि त्यावर त्याच पत्थराची झालेली काळी माती, असा हा सारा प्रदेश.

आगगाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला ही जमीन एकसारखी सपाट वाटते. शेतकऱ्याला मात्र ती तशी दिसत नाही. कोठे ती हळूच वर उचललेली असते, कोठे वाकून खाली गेलेली असते. हा चढउतार चार-दोन हातांचाच असला तरी पाऊस पडला म्हणजे तोच पिकाचे नशीब ठरवतो. म्हणून या सपाट दिसणाऱ्या मुलखात सपाटीच्या प्रकारांना इतकी वेगवेगळी नावे पडली.

लवण खारट नाही, खारीही खारट नाही

मातीच्या जाती आपल्याकडे चार सांगतात : काळी, मोरंड, खरडी आणि बरडी. काळी ही खोल आणि ओल धरून ठेवणारी. मोरंड तिच्याहून थोडी हलकी, चुनखडीचे खडे मिसळलेली. खरडी उथळ आणि रेताड. बरडी म्हणजे टेकडीच्या माथ्यावरची तांबूस मुरमाड जमीन. इंग्रजी अमलात जमिनीचा बंदोबस्त झाला तेव्हा साहेबांनी हीच शेतकऱ्यांची नावे उचलून आपल्या तक्त्यांत भरली. त्यांना यापेक्षा चांगली विभागणी सापडली नाही.

परंतु मातीची जात सांगून काम भागत नसे. जमीन बसली आहे कशी, हेही सांगावे लागे. भोवतालच्या उतारांचे पाणी आणि गाळ ज्या खोलगट वावरात येऊन मुरतो ते लवण. हा शब्द ‘लवणे’ म्हणजे वाकणे या क्रियापदावरून आला आहे. जमीन जेथे लवते ती लवण. संस्कृतात लवण म्हणजे मीठ. शाळेत ‘लवण’ हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो. पण शेतकऱ्याच्या लवणात मिठाचा कणही नाही. पाऊस बेताचा झाला तर लवणातले पीक तरते, अतिवृष्टी झाली तर तेथेच पाणी साचून पऱ्हाटी पिवळी पडते. एकाच वावराचे हे दोन स्वभाव आणि आकारणी ठरविताना दोन्ही ध्यानात घ्यावे लागत.

तसाच दुसरा शब्द खारी. गावाला लागून असलेली, गावातले सांडपाणी आणि शेणखत पावसाबरोबर जिच्यात वाहून येते ती जमीन म्हणजे खारी. ती गावची सुपीक जमीन. पण पश्चिमेला थोडे गेले, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती-अकोल्याकडे, की ‘खारपाण पट्टा’ लागतो. तेथे विहिरीचे पाणीच खारट. वर्धेकडची खारी बरकत देणारी, पूर्णेकाठचे खारपाण पीक जाळणारे. शब्दाचा अर्थ कोशात असतो तितकाच तो जमिनीतही असतो, हे यावरून ध्यानात यावे.

याशिवाय उंच, सपाट, नापीक तो माळ. गाव वसले ती पांढरी आणि पिकते ती काळी. गुरे सकाळी गोळा होतात तो आखर. गावाच्या गुरांसाठी राखलेले ते गायरान. दोन वावरांमधला तो धुरा आणि शेतांकडे जाणारी ती पांदण. यांतील बहुतेक शब्द देशी किंवा संस्कृतातून उतरलेले आहेत. रान हे अरण्याचे रूप, शीव हे सीमेचे.

वर आणि खाली

आता दुसऱ्या वाटेने आलेल्या शब्दांकडे वळू. १५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात गेले. अकबराचा दरबारी विद्वान अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’त या सुभ्याचे वर्णन केले आहे. तो म्हणतो की, या देशाचे मूळ नाव ‘वर्दातट’. वर्दा ही नदी आणि तट म्हणजे काठ. नावाची ही व्युत्पत्ती खरी की खोटी हा वाद पंडितांनी करावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, मोगल दरबारातला फारसी लेखक आपल्या नदीचे नाव लिहितो आणि ‘तट’ या संस्कृत शब्दाचा अर्थ फारसी वाचकाला समजावून देतो. त्याच ग्रंथात या सुभ्याच्या सरकारांपैकी, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यांपैकी, एक आपले पौनार आहे.

या काळात वऱ्हाडाचे दोन भाग ओळखले जात : पाईनघाट आणि बालाघाट. फारसीत ‘पाईन’ म्हणजे खाली आणि ‘बाला’ म्हणजे वर. घाट हा शब्द आपला. मेळघाटच्या डोंगरांच्या आणि अजिंठ्याच्या रांगेच्या मधली सखल काळी जमीन ती पाईनघाट. अजिंठ्याची रांग चढून गेले की बालाघाट. शब्दाचा अर्धा भाग इराणचा, अर्धा येथला आणि पूर्ण शब्दाने दाखविलेली जमीन मात्र सगळी आपली.

ही कल्पना बाहेरून आली असे मात्र समजू नये. कोकणात समुद्राकाठच्या सखल पट्टीला खलाटी आणि तिच्या वरच्या अंगाच्या मुलखाला वलाटी म्हणतात. खालची ती खलाटी, वरची ती वलाटी. कोकणातल्या शेतकऱ्याने आणि मोगल कारकुनाने एकाच तऱ्हेने जमीन पाहिली, नावे तेवढी निराळी दिली. आपल्या घरी जे उर्दू बोलतात त्यांना ‘नशेब-ओ-फराज’ हा शब्दप्रयोग ठाऊक असेल. नशेब म्हणजे सखल जागा, फराज म्हणजे उंच जागा आणि दोन्ही मिळून आयुष्यातले चढउतार. मराठीत त्यालाच आपण उंचसखल म्हणतो.

मैदान आणि माळ

मराठीत माळ होता, रान होते, पठार होते. मग मैदान हा फारसी शब्द कशाला लागला? याचे उत्तर त्या जागांच्या उपयोगात आहे. माळ ही पडून असलेली उघडी जमीन. तेथे गुरे चरतात, वारा वाहतो. मैदान ही माणसांनी मोकळी राखलेली जागा. घोडे दौडवावेत, फौज उभी राहावी, बाजार भरावा, लोक जमावेत म्हणून ती राखली जाते. इराणात इस्फहान शहराच्या मध्यभागी असे भव्य मैदान आहे आणि कलकत्त्याचे मैदान तर साऱ्या हिंदुस्थानाला माहीत. हा अर्थ जुन्या शब्दांत बसत नव्हता, म्हणून मराठीने तो शब्द ठेवून घेतला आणि आपल्या पद्धतीने वापरला. आपण ‘मैदान मारतो’, ‘मैदानात उतरतो’ आणि शाळेची घंटा झाली की मुले मैदानाकडेच धावतात. भूगोलाच्या पुस्तकात नदीने गाळ टाकून तयार केलेल्या विस्तीर्ण सपाटीलाही आपण मैदानच म्हणतो.

जमीन हा शब्दही फारसी. बाग फारसी आणि तिच्यावरून बागायत. जिरायत हा शब्द अरबी ‘जिराअत’ म्हणजे शेती यावरून आला. मौजा, तालुका, जिल्हा, तहसील हे अरबीतून फारसीच्या मार्गे आले. एका नावाची दोन गावे असली की धाकटे ते खुर्द आणि मोठे ते बुद्रुक, हे फारसी ‘खुर्द’ आणि ‘बुजुर्ग’ यांचेच रूप.

शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून राज्यकारभारातील सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दरबारातील पदांची कितीतरी नावे त्यामुळे बदलली. पण शेतकऱ्याच्या तोंडची जमीन जमीनच राहिली. पुढे १९२५ साली कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी ‘फार्शी-मराठी कोश’ तयार करून या ऋणाची नीट नोंदच करून ठेवली. तेव्हा हे शब्द कोणी कोणावर लादले, हा प्रश्न निदान जमिनीच्या बाबतीत अर्थहीन ठरतो. ज्याने नांगर धरला त्याने आपल्याला उपयोगी पडले ते शब्द ठेवले.

सातबारा हातात घ्या

याची खात्री करायची असेल तर पालकहो, आपल्या घरचा सातबारा मुलांपुढे ठेवा. क्षेत्र हा शब्द संस्कृत. भोगवटादार मराठी. हिस्सा अरबी. जिरायत आणि बागायत यांचे मूळ आपण पाहिलेच. आणि त्यात एक अपूर्व शब्द आहे : पोटखराबा. वावराच्या पोटात जो नाला, खडक किंवा लागवडीला न येणारा तुकडा असतो तो पोटखराबा. पोट आपले, खराबा अरबी ‘खराब’वरून. सातबाऱ्याच्या एका पानावर तीन-चार भाषा शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि त्यांच्यात भांडण नाही.

कायद्याच्या पुस्तकातही तसेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यात विदर्भातील गावांना ओळखीची दोन कागदपत्रे आहेत. निस्तार पत्रक म्हणजे गावातील बिनदखली जमिनीचा उपयोग गावकऱ्यांनी कसा करावा याची योजना. वाजिब-उल-अर्ज म्हणजे वहिवाटीची वाट, पाण्याचा हक्क, मासेमारी यांविषयी गावात चालत आलेल्या रिवाजांची नोंद. पहिले नाव संस्कृत, दुसरे अरबी. मालगुजारी होती तेव्हापासून हे दोन शब्द जोडीने चालत आले. १९५१ साली मालगुजारी संपली, १९५६ साली आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. एवढी स्थित्यंतरे झाली, पण हे शब्द जागचे हलले नाहीत.

गावांची साक्ष

गावेही हेच सांगतात. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि त्याच्या नावाने पुलगाव वसले. पूल फारसी, गाव मराठी. आष्टीचा परगणा जहांगीर बादशहाच्या काळात महंमदखान नियाझी या अफगाण सरदाराला मिळाला. त्याने हा ओसाड मुलूख पुन्हा लागवडीखाली आणला, असे सांगतात. त्याची आणि अहमदखान नियाझीची मोगली धाटणीची कबर आष्टीत आहे. आर्वीला पूर्वी ‘आर्वी तेलंगराव’ म्हणत, ते तेलंगराव वली यांच्यावरून. त्यांनी गाव वसविले अशी परंपरा आहे. ते हिंदू होते असे हिंदू म्हणत आणि मुसलमान होते असे मुसलमान म्हणत. त्यांच्या समाधीपुढे मात्र दोघेही हात जोडीत आले. आपल्या जमिनीच्या शब्दांचे असेच आहे. त्यांवर एकट्याचा दावा लागू होत नाही.

खुद्द वर्धा शहर त्या मानाने नवे. १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला आणि १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी हे शहर आखून वसविले गेले. मोकळी, सपाट जमीन मिळाली म्हणूनच सरळ रस्त्यांचे गाव आखता आले.

एका शब्दाचा प्रवास : जंगल

आता सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे येऊ. जंगल म्हटले की आपल्याला दाट झाडी आठवते. मूळ अर्थ मात्र जवळजवळ उलटा आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत. पाणथळ, सखल तो आनूप देश. कोरडा, उघडा, विरळ खुरट्या झाडांचा तो जांगल देश. आणि दोहोंमधला तो साधारण. म्हणजे जंगल ही मुळात मोकळी, कोरडी जमीन. हा शब्द लोकभाषांत आला, फारसीत गेला, इंग्रजांनी उचलला आणि प्रवासात त्याच्या अंगावर झाडी वाढत गेली. शेवटी तो दाट अरण्याचे नाव होऊन बसला.

जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दफ्तरांत एक नोंद होती : ‘झुडपी जंगल’. मोठी झाडे नसलेली, खुरट्या झुडपांची, गुरे चरण्याच्या कामी येणारी पडीत जमीन, एवढाच तिचा अर्थ. जंगल या शब्दाचा जुना अर्थ जणू येथे नकळत जिवंत राहिला होता. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन नोंदलेली आहे. काळाच्या ओघात तिच्यापैकी काही जमिनीवर घरे झाली, शेती झाली, शाळा आणि सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. कागदावर मात्र शब्द तोच राहिला.

१९८० साली वन संवर्धन कायदा झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ‘वन’ या शब्दाचा अर्थ कोशात असेल तोच घ्यावा, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो. कोशातला अर्थ कायदा झाला, याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण. पुढे २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल ही वनजमीनच होय. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्यांना अशी जमीन दिली त्यांच्यासाठी शासनाने मंजुरी घेऊन मार्ग काढावा आणि त्यानंतरच्या वाटपाची कसून छाननी व्हावी, असेही निकालात आहे. झाडे राखली पाहिजेत यात दुमत नाही. चराऊ रानांवर आणि झुडपांवरही पशुपक्षी जगतात. परंतु ज्या कुटुंबाने आपल्या कागदावरचा हा शब्द कधी वाचलाच नाही, त्याला आपण कोठे उभे आहोत हे कसे कळावे? दिलेल्या जमिनीची तारीख आणि देणाऱ्याची सही ज्याने जपली, त्याला सांगायला आधार आहे. ज्याने जपली नाही, त्याचे बोलणे तोंडीच राहते.

आपण काय करावे

वर्धेला शिक्षणाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. मुलाचे शिक्षण हाताच्या कामातून आणि त्याच्या भोवतालच्या जगातून, त्याच्या मातृभाषेत व्हावे, असे त्या समितीने सांगितले. जमिनीचे शब्द हे त्या भोवतालच्या जगाचे पहिले पाठ होत.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. आपल्या गावाचा किंवा आजोळचा नकाशा आणि सातबारा मिळवा. आता तो संगणकावरही मिळतो. त्यातील न समजलेला प्रत्येक शब्द वहीत लिहा आणि घरच्या वडीलधाऱ्यांना, गावच्या जुन्या कास्तकाराला त्याचा अर्थ विचारा. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या प्लॉटच्या कागदावर शेती, बिनशेती, गावठाण, झुडपी जंगल यांपैकी काय लिहिले आहे ते पाहावे. गायरान, बाजार, खळे, गावठाण, स्मशान आणि दफनभूमी यांसाठी गावातील मोकळी जमीन राखून ठेवता येते, अशी महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये तरतूद आहे. आपल्या गावचे कब्रस्तान कागदावर कोणत्या नावाने नोंदले आहे, की नोंदलेलेच नाही, हे प्रत्येक पालकाला माहीत असले पाहिजे. तंटा उभा राहिल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा आजच पाहिलेले बरे.

आणि मुलींना या कामातून वगळू नका. वारसाची नोंद करताना आईचे आणि बहिणीचे नाव कागदावर आले की नाही, हे ज्या घरात मुली वाचतात त्या घरात लवकर कळते.

आपली मुले घरी उर्दूत बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि या दोन भाषा दोन टोकांच्या आहेत असे त्यांना कधी कधी वाटते. त्यांना लवण आणि नशेब हे शब्द शेजारी ठेवून दाखवा. एकाच खोलगट वावराची ती दोन नावे आहेत आणि पाऊस आला की दोन्ही नावांखाली तेच पाणी साचते.